युरोप, आमची गल्ली आन् तुझा डबा

कोल्हापूर, बुधवार

चि. जोतीराम यास थोरल्या आक्काचा जयभीम. कुरुंदवाडात समदी बरी हायत न्हवं? तुझा गुडघा कसा हाय? माझा कुणी इचारत न्हाय, तवा सांगत न्हाय.

पत्राला कारण आपली श्रुती. नात माझी युनिव्हर्सिटीत अर्थशास्त्र शिकतीया. तिला म्हणं पेपर लिवायचाय: युरोपात, आशियात, आफ्रिकेत देशांनी गट केल्यात, त्यातलं कुठलं देश एकमेकांत किती मिसळल्यात, त्याची तुलना. (मिसळल्यात तर मिसळू द्यात की! मोजायचं कशाला?) आदी आपल्या घरांवर करून बगू म्हणली. गल्लीतली आमची तीन घरं आन् तुझं चौथं. कुणाकडनं कुणाकडं किती वाट्या जात्यात, ह्यो म्हणं व्यापार. कोण किती मिसळलंय त्याचा आकडा काढला, तर माझी जाऊ झुंबरबाई माझ्या वर! मला काय कळंना, पर राग आला. सकाळीच गल्लीतल्या बाकीच्या दोन्ही घरांत वाटीभर आमटी धाडली. वाटी मोकळी परत करायची न्हाय, ही आपली रीत, म्हणून त्यांनी भरून धाडली, मग मी भरून धाडली. दुपारपतोर माझीच आमटी झुंबरबाईच्या वाटीतनं माझ्याकडं परत आली. (मीठ तेवढं तिनं वाढवलंतं.) श्रुती म्हणती, ह्यो बी व्यापारच. पर आकडा तसूभर हलंना. का, तर चौथ्या घराशी, म्हंजे तुझ्याशी, माझा व्यापार शून्य.

वाट्यांवरची नावं वाचून ज्याची त्याला लावताना फळीवर तुझा डबा घावला, नाव कोरलेला. नातवाच्या, राजवीरच्या लग्नात रस्सा उशिरा वाढला म्हणून ताटावरनं उठून गेलतास, तवाचा. तीन वर्सं झाली. युरोपातनं बी एक देश असाच उठून गेलाय म्हणं. का गेला इचारलं, तर श्रुती लई लांबडं सांगाय लागली. मी म्हटलं गप, रस्सा उशिरा वाढला असंल.

तुझी आक्का

ता. क. डबा हंबीररावाच्या टेम्पोतनं धाडलाय. आत कांदा-लसूण चटणी हाय. माझा राग गेला असं समजू नगंस, मोकळा कसा धाडू?

ता. क. आनि एक. डबा दुसऱ्याच्या हातनं परत धाडू नगंस. श्रुतीचा पेपर सोमवारी द्यायचाय, तवा रविवारी तूच घेऊन ये. तांबडा रस्सा करतीया, पयली वाटी तुला. उशीर झालाच, तर तूच लवकर आलायस असं समज, पर उठू नगंस.