सगळ्या देशाला दिसलेले मामा

ती. मामांच्या चरणी (तुम्ही ते आत ओढून घेतले नसतील तर) शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथे धडधाकट आहे, आणि त्याचीसुद्धा थोडी लाज वाटते. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा रक्तदाब खाली आला का? तो मंगळवारी संध्याकाळी का चढला हे मला पक्कं माहीत आहे, तरी पत्रात विचारायची रीत आहे म्हणून विचारतो. मामी या पत्राला हात लावणार नाहीत असा माझा अंदाज आहे, तेव्हा तुम्हीच चष्मा शोधून स्वतः वाचावं आणि मोठ्यानं वाचू नये.

तर मामा, तुम्ही मुख्यालयाला पाठवलेली चार पानी तक्रार मिळाली. म्हणजे मलाच मिळाली. तिचा प्रवास असा झाला की मुख्यालयानं ती आमच्या केंद्राकडे पाठवली, आमच्या साहेबांनी कोपऱ्यात ‘संबंधितांनी खुलासा करावा’ असं तिरकं लिहिलं, आणि शिपायानं ती बिनचूक संबंधितांच्या टेबलावर आणून ठेवली. (आमच्या कचेरीत बाकी कुठलाही कागद तीन आठवड्यांच्या आत योग्य टेबलावर पोचल्याचं मला आठवत नाही.) तुमचं ते टपोरं, रेल्वेफाटकाच्या नोंदवहीतलं अक्षर मी लांबूनच ओळखलं. तिसऱ्या पानावर तुम्ही लिहिलंय की ज्या बेफिकीर माणसानं हा घोळ घातला त्याला यापुढे कुठल्याही बटणापासून दहा हात लांब बसवावं. मी खुर्ची थोडी मागे सरकवली. इतका तुमचा शब्द मी अजून मानतो.

आता आमच्या कामाची गंमत तुम्हाला एकदा नीट सांगायलाच हवी, कारण आजवर मी मामींना ‘मी टीव्हीत आहे’ एवढंच सांगत आलो आणि त्यांनी ते माझ्या वकुबापेक्षा बरंच मोठं करून गल्लीत वाटलं. संध्याकाळी सहाला देशाच्या बातम्या लागतात. त्या मुख्यालयातून येतात आणि सगळीकडे एकच दिसतात. सहा चाळीसच्या सुमारास तिथली निवेदिका म्हणते, ‘आणि आता आपापल्या भागातल्या बातम्या.’ हे वाक्य संपलं की प्रत्येक केंद्रात माझ्यासारखा एकेक माणूस एक बटण दाबतो. त्याबरोबर आपला भाग देशापासून सुटतो, आमच्या निवेदिका बाई दिसू लागतात, दहा मिनिटं पाणीपुरवठा, रस्ते, शाळांचे निकाल वगैरे होतात आणि मग मी पुन्हा बटण दाबून आपल्याला देशाला जोडून देतो. एवढंच माझं काम. बटणावर प्लॅस्टिकचं झाकण असतं आणि ते वाक्य कानांनी ऐकल्याशिवाय झाकण उघडायचं नाही असा नियम आहे. तुम्हीसुद्धा फाटकाच्या साखळीचं कुलूप शेवटचा डबा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काढत नव्हतात, मागे कितीही भोंगे वाजले तरी. अकरा वर्षं मी तसाच वागलो, त्या मंगळवारपर्यंत.

मंगळवारी तुमची बातमी होती. हातानं फिरवायचं शेवटचं फाटक, अडतीस वर्षं ते सांभाळणारा माणूस, आणि या महिन्यात दोघंही निवृत्त! मुख्यालयाचा वार्ताहर तुमच्याकडे चार तास होता आणि त्यानं तुम्हाला अकरा वेळा फाटक फिरवायला लावलं, हे सगळं मामींकडून मला पाठ झालं होतं. वेळ मीच मुख्यालयात विचारून ठेवली होती. देशाच्या बातम्यांतली अगदी शेवटची, सव्वादोन मिनिटांची. ती संपली की लगेच आमचं वाक्य. मला ती डोळे भरून बघायची होती, मधे झाकणाशी झटापट नको, म्हणून मी झाकण पाच मिनिटं आधीच उघडून ठेवलं. कुणी बघत नव्हतं. ही पहिली चूक, आणि ही मी पूर्ण शुद्धीवर असताना केली.

दुसरी चूक तुमच्या बहिणीच्या वळणाची. तुम्ही पडद्यावर आलात आणि मी उठून उभा राहिलो. मामा दारात आले की उठून उभं राहायचं, हे आईनं लहानपणी चिमटे काढून शिकवलेलं आहे, आणि ते माझ्या पायांत इतकं मुरलंय की पाय डोक्याला विचारत नाहीत. उठताना मी टेबलावर हात टेकला. तो कशावर टेकला हे आता सांगायला नको.

माझ्या खोलीत दोन पडदे आहेत. एकावर मुख्यालय काय पाठवतंय ते दिसतं आणि दुसऱ्यावर आपल्या भागातल्या घरांत काय दिसतंय ते. मी पहिल्याकडे बघत होतो. तिथे तुम्ही होतात, फाटक होतं, मागून गाडी जात होती, सगळं छान चाललं होतं. दुसऱ्या पडद्याकडे मी सव्वादोन मिनिटांत एकदाही पाहिलं नाही. साऱ्या देशानं तुम्हाला पाहिलं, मामा. ज्यांनी तुम्हाला जन्मात पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहणार नाहीत अशा लोकांनी पाहिलं. फक्त आपल्या भागात, जिथे मामींनी सत्तावीस माणसं बोलावून सतरंजी अंथरली होती, तिथे आमच्या निवेदिका बाई दिसल्या. एक बूट काढलेला, पाय शेजारच्या खुर्चीवर, हातात चहा आणि चहात बिस्किट. आपण दिसतोय हे त्यांना कळायला मार्ग नव्हता, कारण दिसायला लागल्यावर पेटणारा लाल दिवा दोन महिने बंद आहे. त्याचा अर्जही कोपऱ्यात तिरकं लिहून कुठेतरी पडला असेल.

आणि आवाज माझा होता. बाईंशी बोलायला माझ्यापुढे एक माइक असतो, त्यातला आवाज त्यांच्या खोलीत ऐकू येतो, आणि तिथून तो घरोघर गेला. मी फार खूश होतो. खूश झालो की मला वाचा फुटते, हा दोष तुम्हाला माहीत आहे. मी बाईंना सांगत होतो की हे आमचे मामा, मिशांना सकाळीच कलप लावलाय, आणि अंगातला कोट शेजारच्या दातांच्या डॉक्टरांचा आहे, म्हणून हात वर करताना जपून करतात बघा, काखेत आवळतो. दातांचे डॉक्टर तेव्हा तुमच्या सतरंजीवर पहिल्या रांगेत होते, असं नंतर कळलं.

शेवटी साहेबांच्या घरून त्यांच्या पत्नींचा फोन आला की बाईंचं बिस्किट चहात पडलंय, ही बातमी आहे का. तेव्हा मी दुसऱ्या पडद्याकडे पाहिलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं.

खरी लाज पुढेच आहे. मी अर्ध्या तासात तुम्हाला फोन केला आणि मुख्यालयाकडून जोडणी चुकली, आमचा काही दोष नाही, असं धडधडीत खोटं सांगितलं. कोटाबद्दल माफी मागितली, तेवढी खरी होती. तुम्ही म्हणालात, ‘अरे, कोट उसनाच होता, त्यात तू खोटं काय बोललास?’ तुम्ही रागावला असतात तर मी तिथेच सगळं कबूल केलं असतं. तुम्ही हसलात म्हणून राहून गेलं. आणि मग माझ्या शब्दावर विसंबून तुम्ही चार पानं लिहिलीत, स्वतः टपालात टाकलीत. ते बटण मी दाबलं, मामा.

मामींना नमस्कार सांगावा. घेतील असं वाटत नाही.

आपला (‘आज्ञाधारक’ लिहून खोडलंय)
भाचा

ता.क. – सोमवारी चौकशी आहे. तुम्ही तक्रार मागे घेतलीत तर प्रकरण तिथेच मिटेल, नाहीतर मला बटणावरून उचलून सामानाच्या खोलीत टाकतील. दोन ओळींचा मजकूर सोबतच्या चिठ्ठीवर लिहून दिलाय, खाली फक्त सही करून उलट टपाली पाठवावी. खरं तर एवढं मोठं पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

ता.क. २ – पत्र कालच टाकणार होतो, बरं झालं राहिलं. तुमच्यासाठी मुख्यालयाकडून त्या बातमीची कॅसेट मागवली होती, ती आज आली. मंगळवारी मी स्वतःच बडबडत होतो, त्यामुळे तुम्ही काय बोललात ते मला ऐकूच आलं नव्हतं. आज ऐकलं. वार्ताहर विचारतो, आता हे काम यंत्र करणार, तुमच्या हातातलं कसब कुणाकडे गेलं? तुम्ही कोट सांभाळत म्हणता, ‘माझा भाचा टीव्हीत बटणावर असतो. त्याला मीच शिकवलंय. वेळ झाल्याशिवाय त्याचा हात पडायचा नाही.’ हे तुम्ही म्हणालात तेव्हा माझा हात बटणावर होता. आख्ख्या देशानं हे ऐकलं. फक्त मला ओळखणारे, आपल्या भागातले, तेवढे ऐकायचे राहिले.

सोबतची चिठ्ठी फाडून टाकावी. तक्रार मागे घेऊ नये, ती चांगली लिहिली आहे. खुलासा मी माझ्या नावानं, झाकणापासून सगळा, साहेबांच्या हातात नेऊन दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि कोपऱ्यात काहीच लिहिलं नाही.

ता.क. ३ – कॅसेट वेगळ्या टपालानं पाठवतोय. मामींना म्हणावं, सतरंजी पुन्हा घाला आणि तेच सत्तावीस बोलवा, दातांच्या डॉक्टरांसकट. रविवारी मीही येईन. तुम्ही दिसलात की उभा राहावं लागणारच, तेव्हा आधीपासूनच मागे भिंतीशी उभा राहतो, दोन्ही हात खिशात घालून.