लोहाची पोचपावती

आदरणीय विहीणबाईंना सादर नमस्कार.

तुमच्या गुडघ्याची चौकशी आधी करते, कारण मागच्या पत्रात ती शेवटी केली होती आणि ते तुमच्या मनाला लागलं, असं लेकीकडून कळलं. तर गुडघा कसा आहे? व्याह्यांचा खोकला? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायचा प्रघात आहे म्हणून लिहिते. तुमच्या सुनेला आठवा महिना लागला, बाळ रात्रंदिवस लाथा मारतं (तुमच्या घराण्याचं आहे), आणि जावईबापूंचं जहाज कुठल्याशा बंदरात माल उतरवतं आहे. तुमचं अकरा सूचनांचं पत्र पोचलं. पहिली सूचना, तिला जिना चढू देऊ नये. आम्ही तळमजल्यावर राहतो. दुसरी, तिला जड उचलू देऊ नये. आमच्या घरात जड असं एकच आहे, ते म्हणजे आमचे हे, आणि त्यांना खुर्चीतून उचलणं मलाही कधी जमलं नाही. इतकं वाचून मी पत्र फाईलला लावलं. जिने पस्तीस वर्षं टपाल कचेरीत काढली, त्यातली अकरा पार्सल विभागाची मुख्य म्हणून, तिला शिस्त शिकवायच्या भानगडीत कुणी पडू नये.

शिस्त म्हणजे काय ते सांगते. सकाळी आठ वाजता एका तबकात लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी आणि माझ्या हातचा कडक चहा (ज्यात चमचा टेकूशिवाय उभा राहतो), तिन्ही एकदम. एकाच पत्त्याचं टपाल दोन फेऱ्यांत नेणं म्हणजे पोस्टमनच्या चपला फुकट झिजवणं, हे मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगत असे. गोळी गिळली की लेकीने वहीत सही करायची. सहा आठवडे झाले, एक सही चुकलेली नाही. आणि तरीही परवा तपासणीत तिचं हिमोग्लोबिन नऊ पॉइंट दोनवरून आठ पॉइंट चारवर उतरलं. वाढायचं सोडून उतरलं. पोरगी हल्ली केसांत कंगवा तसाच ठेवून टेबलावर डोकं टेकून झोपते. ओठ खडूसारखे झालेत.

माझ्या विभागात पार्सल गहाळ झालं की मी प्रत्येकावर संशय घेत असे आणि ते सापडत असे. तोच मार्ग धरला. आधी औषधवाला. त्याला गोळ्या खऱ्या आहेत का हे तीनदा विचारलं. आता मी रस्त्याच्या टोकाला दिसले की तो शटर अर्धं ओढून घेतो. मग रक्त तपासणारा मुलगा, ज्याला सुई तर सोडाच, पेन्सिलही धरता येत नाही. मग लेक. ती गोळ्या कुंडीत टाकत असणार म्हणून गॅलरीतल्या नऊ कुंड्या उकरल्या. गोळी एकही नाही, विड्यांची थोटकं सत्तावीस. आमच्या ह्यांनी विडी सोडल्याला सात वर्षं झाली, असा माझा समज होता. त्यांचं म्हणणं, ते खत आहे.

शेवटी डॉक्टरणीकडे गेलो. ही डॉक्टर माझ्या प्रेशर कुकरपेक्षा वयाने लहान. तिने मला वार (त्यांच्या भाषेत प्लासेंटा) म्हणजे काय, ती आईकडचं लोह बाळाकडे कशी पोचवते, हे बालवाडीतल्या मुलाला सांगावं तसं चिठ्ठीच्या पाठीवर चित्र काढून सांगितलं. आता लाज टाकून लिहिते, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. कॉन्व्हेंटमध्ये शरीरशास्त्राच्या पुस्तकातली ती चार पानं सिस्टरनी टाचण्या लावून बंद केलेली होती. मी एका मुलीची आई झाले, पण त्या टाचण्या काही निघाल्या नाहीत.

पण ऐकता ऐकता मला कळलं की हे सगळं आमचंच खातं आहे. लोह रक्तातून मोकळं हिंडत नाही, मोकळं सुटलं तर नासधूस करतं. त्याला नेणारा पोस्टमन असतो, त्याचं नाव ट्रान्सफेरिन, आणि तो एका वेळी फार तर दोन पार्सलं उचलतो (आमच्याकडचे काही याहून कमी उचलत). वारेच्या भिंतीला खिडक्या असतात. पोस्टमन खिडकीशी आला की त्याला पिशवीसकट आत ओढतात, आत थोडं आंबट वातावरण असतं (कुठल्या कचेरीत नसतं), तिथे पिशवी रिकामी करून घेतात आणि त्याला आल्या वाटेने आईकडे परत धाडतात. पार्सल मागच्या दाराने बाळाच्या बाजूला जातं, तिथे बाळाचा स्वतःचा पोस्टमन उभा. आईचं रक्त आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. आणि हा व्यवहार एकाच दिशेचा. आईकडचा साठा घटला तर वार हात आखडता घेत नाही, उलट जास्त खिडक्या उघडते. आई पांढरी पडो, बाळाची फेरी चुकत नाही. मी डॉक्टरणीला म्हटलं, अशी एक बाई मला विभागात मिळाली असती तर मी दोन वर्षं आधी निवृत्त झाले असते.

म्हणून सांगते विहीणबाई, बाळाचं वजन उत्तम आहे म्हणजे सगळं उत्तम आहे, हे जे तुम्ही फोनवर म्हणालात, ते सोडून द्या. बाळ उत्तम आहे कारण ते माझ्या लेकीला लुटतं आहे. आणि डॉक्टर म्हणाली की साठा फारच खाली गेला तर वारसुद्धा आपल्यापुरतं लोह धरून ठेवते, मग बाळालाही कमी पडतं. शिवाय असल्या रक्तावर बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला तरी लेकीला झेपायचा नाही. हे ती चित्र न काढता म्हणाली.

मग तिने विचारलं, गोळी कशाबरोबर घेतेस? मी म्हटलं, वेळेवर घेते. ती म्हणाली, आई, तुम्हाला नाही विचारलं. लेक छताच्या पंख्याकडे बघून म्हणाली, पाण्याबरोबर. मला वाटलं, अशक्तपणात माणूस काहीही बोलतं.

असो. कळावे, गुडघ्याला जपावे.

तुमची विहीण

ता. क. जावईबापूंना यातलं काही कळवू नये. समुद्रावरून ते फक्त काळजी करू शकतात, आणि ती करायला इथे माणसं पुरेशी आहेत.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्यापूर्वी तुमचं पत्र फाईलमधून काढलं. सातवी सूचना, लोहाची गोळी चहाबरोबर देऊ नये, कॅल्शियमबरोबरही नाही, दोन तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर पोटातच अडते. म्हणजे पार्सल पोस्टमनच्या हातात पडतच नव्हतं. डॉक्टरला फोन केला, ती म्हणाली, बरोबर आहे. लेकीला विचारलं, तू खोटं का बोललीस? म्हणाली, तू तो चहा इतक्या हौसेने आणतेस, आई. औषधवाल्याकडे मी उद्या जाऊन येईन. शटर खाली असलं तरी.

ता. क. तिसरा. मंगळवारी तिला शिरेतून लोह देणार आहेत. तुम्ही या. गुडघा घेऊन या, जिना नाही. पुढच्या गोळ्या तुमच्या हाताने द्या, माझ्या हातचं ती नको म्हणत नाही, हीच अडचण आहे. पस्तीस वर्षांत माझ्या हातात आलेलं एकही पत्र पोचायचं राहिलं नव्हतं. तुमचं हे एक राहिलं.