टेकडीवरच्या रेडिओवाल्याला कामातून मोकळे करण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी साहेब,
आपत्ती निवारण कार्यालय,
दुसरा मजला.

विषय : पुराच्या वेळी टेकडीवर बसवलेल्या रेडिओवाल्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कामातून मोकळे करण्याबाबत.

संदर्भ : परवान्याशिवाय रेडिओवर बोलल्याबद्दल आपण मला पाठवलेली नोटीस.

महोदय,

१. आपली नोटीस पोचली. मी परवान्याशिवाय बोलले हे खरे आहे. रोज बोलते. का, ते खाली लिहिते. साहेबांनी शेवटपर्यंत वाचावे, अर्धे वाचून सही करू नये, ही विनंती.

२. आमचे हे हौशी रेडिओवाले. घड्याळदुरुस्तीचे दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून तर पूर्णवेळ. या छंदाच्या पाचसहा माणसांचे मंडळ आहे. पगार नाही, भत्ता नाही. धावण्याची शर्यत असली की उन्हात उभे राहून कोण कुठे चक्कर येऊन पडला ते एकमेकांना कळवायचे, आणि घरी येऊन "आज फार काम होतं" म्हणायचे. मी त्याला खूळ म्हणत आले. पण पुरात फोन मेले, वीज गेली, तेव्हा आपल्या कार्यालयाला याच खुळ्यांच्या दारात यावे लागले.

३. ह्यांना धरणाजवळच्या टेकडीवरल्या खोलीत बसवले. तिथून पाणी दिसते. दर तासाला पातळी कळवायची. आपल्या आधीचे साहेब स्वतः माईक हातात घेऊन म्हणाले, "मी सांगेपर्यंत टेकडी सोडायची नाही." हे म्हणाले, "समजलं." पाणी ओसरले, सत्कार झाले, फोटो निघाले. साहेब बढतीवर बदलून गेले. "आता खाली या" एवढे सांगायचे मात्र राहून गेले.

४. रेडिओवाल्यांची रीत अशी की कंट्रोलने, म्हणजे हुकूम देणाऱ्या मुख्य ठाण्याने, बसवले तर कंट्रोलनेच उठवायचे. मनाने उठून येणाऱ्याला ते माणसात धरत नाहीत. मुलगा वर गेला, म्हणाला, "बाबा, पूर संपला, चला." हे म्हणाले, "संपला हे सांगणारा तू कोण? दुकान बघ." जावयांना चहा पाजून परत पाठवले. मंडळाच्या सेक्रेटरीने रेडिओवर साहेबांचा आवाज काढून पाहिला, तर ह्यांनी त्याची सगळ्यांसमक्ष लाज काढली. तेव्हापासून म्हणतात, साहेबांचा सही-शिक्क्याचा कागद वर आणा, मगच उतरतो. शेवटी मी माईक घेतला. म्हटले, "अहो, पुरे झालं. घरी या." उत्तर आले, "ही लाइन आणीबाणीच्या कामाची आहे. घरगुती बोलणं नको." इतकी वर्षे संसार केला, पण असा सरकारी टोला कधी खाल्ला नव्हता.

५. आपल्या कार्यालयात खेपा घातल्या. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "आजी, त्यांच्या नेमणुकीचा आदेशच नाही. नेमलंच नाही त्यांना मोकळं कसं करणार?" मी म्हटले, "मग आधी नेमा आणि लगेच काढा." तर म्हणे वय बसत नाही. आधीच्या साहेबांना फोन केला, त्यांना आता अधिकार नाही. आपल्याला भेटले, आपण म्हणालात, "मी कुठं बसवलंय त्यांना?" कार्यालयातला रेडिओ तर कधीच माळ्यावर गेला. म्हणजे ह्यांची पातळी ऐकायला कुणी नाही.

६. म्हणून मी ऐकते. त्यांचा घरचा संच ओट्याशेजारी आणून ठेवला आहे. उत्तर आले नाही तर ते पुन्हा पुन्हा हाक मारतात आणि प्रत्येक हाकेला खोकतात. ते मला ऐकवत नाही. म्हणून "मिळाले" म्हणते. एवढाच माझा गुन्हा. माझा हा एक शब्द आपल्या माणसांनी बरोबर हुडकून काढला. त्याच लाइनीवर खोकणारा माणूस त्यांना ऐकू आला नाही.

७. गेल्या आठवड्यात डॉक्टर टेकडी चढून गेले. छातीत पाणी झाले आहे, ताबडतोब हलवा म्हणाले. हे हलले नाहीत. आवाज पार बसला आहे, आता बोटाने चावी दाबून नुसती टकटक पाठवतात. ती भाषा मला येत नाही. तरी "मिळाले" म्हणते. सेक्रेटरीला घरी बसवून ऐकवले. विचारले, "भावजी, काय म्हणताहेत?" बराच वेळ ऐकून ते म्हणाले, "वहिनी, पाण्याची पातळी सांगताहेत." म्हटले, "आणखी?" म्हणाले, "आणखी काही नाही."

८. तरी सोबतच्या कागदावर सही-शिक्का करून द्यावा. मुलगा खाली जिन्यात उभा आहे, तसाच वर घेऊन जाईल. दंड करा, शिक्षा करा, माझी तक्रार नाही.

९. सही होईल असे मला वाटत नाही. उद्या जप्तीची माणसे येऊन संच नेतील हेही नोटिशीत वाचले. न्या. पण तो माळ्यावर टाकू नये. आपल्या कार्यालयात कुठेतरी लावून ठेवावा, आणि टकटक आली की जो कुणी जवळ असेल त्याने "मिळाले" म्हणावे. शब्द एकच आहे, शिपायालाही जमेल. फार दिवस म्हणावे लागेल असे डॉक्टरांना वाटत नाही.

आपली नोटिशीपुरती ओळखीची,
टेकडीवरच्या रेडिओवाल्याची बायको
(सही)

दिनांक : जप्तीच्या आदल्या दिवशी

सोबत :
डॉक्टरांची चिठ्ठी.
कागद एक. त्यावर "टेकडीचे काम संपले, घरी जावे" एवढे लिहून खाली सहीला जागा सोडली आहे.