पोरीनं पुरे म्हटलं

पोरीच्या बापाला नमस्कार.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुम्ही वेळेवर जेवता ना? फोनवर तिच्यासमोर बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

चौथ्यांदाही पोरीच्या पोटात गर्भ रुजला नाही. इथल्या दवाखान्याची तऱ्हा निराळी आहे. मोठ्या डॉक्टरीणबाई, मनाचं बघणाऱ्या बाई, खाण्यापिण्याचं बघणारी, सुया देणारी नर्स, सगळ्या एकाच टेबलाशी बसतात आणि पुढचं पोरीलाच विचारतात. काल विचारलं तेव्हा मीच म्हटलं, "अजून एकदा करा." मनाच्या बाई म्हणाल्या, "मावशी, सुई तुम्हाला टोचत नाही. तिला बोलू द्या."

पोर खाली मान घालून म्हणाली, "पुरे आता. मागच्या दोन्ही वेळा आई चिडेल म्हणून हो म्हटलं."

नर्सनं पाणी आणलं, तेही मलाच.

जावयांना तिनंच फोन केला. पलीकडून नुसतं रडणं ऐकू येत होतं.

आता करण्यासारखं काही उरलं नाही. परवा निघतो. तिला काही विचारू नका.

मी एवढी कडक आहे का हो? आधी का नाही बोललात? की तुम्हीही भीतच होता?

तुमच्या घरची