किटलीचं झाकण

मंगळवार, ३ मार्च

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दुसऱ्या शहरात नवी लॅब उभी राहते आहे, तिथला तापमान विभाग मी सांभाळावा, असं म्हणाले. दोन वर्षं. हाताखाली चार माणसं. लेखी उत्तर ३१ मार्चपर्यंत. सहा वर्षं मी लोकांचे थर्मामीटर किती चुकतात ते काढून त्यांवर स्टिकर चिकटवते आहे. कुणीतरी दखल घेतली, ठीक झालं. आनंद झाला असं म्हणता येणार नाही. थकवा जास्त आहे.

अडचण एकच. आई. बाबा गेल्यापासून चार वर्षं ती माझ्याकडे आहे आणि तिची सगळी जबाबदारी माझ्यावर आहे. ही दोन वर्षं दादाने तिला न्यावं. हे त्याला घरी सांगता येणार नाही. आई टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेली आहे, तिला भिंतीपलीकडचं ऐकू येतं. दादाच्या घरी वहिनी. म्हणून बाहेर.

ठराव : गुरुवारी दादाला जेवायला नेणे. एका बैठकीत विषय संपवणे. शुक्रवारी होकार पाठवणे.

आईने उद्याचे कपडे इस्त्री करून खुर्चीवर ठेवले आहेत. डब्यात काय देऊ विचारत होती. मला या फंदात पाडू नकोस, तूच ठरव, म्हणाले.

बुधवार, ४ मार्च

वाक्य तयार केलं. 'दादा, मला दोन वर्षं बाहेर जायचंय, तोवर आईला तू ने.' दहा शब्द, साडेचार सेकंद. बाथरूमच्या आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं. बाहेरून आईने विचारलं, कुणाला कुठे न्यायचंय गं? फोनवर आहे म्हणाले. फोन बाहेर टेबलावर चार्जिंगला होता. 

गुरुवार, ५ मार्च

लॅबच्या मागच्या रस्त्यावरचं चिनी रेस्टॉरंट. एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला चष्म्याचं दुकान. निवड विचारपूर्वक केली. टेबलांत भरपूर अंतर, गाणी नाहीत, उजेड वाचण्याइतका.

दादा वेळेआधी आला. मी बोलावलं की तो कामं टाकून येतो. माझ्या शब्दाला घरात वजन आहे. आल्या आल्या म्हणाला, काय फूटपट्टी, आज माझं माप घेणार वाटतं? मग म्हणाला, बरं झालं बोलावलंस, मलाही जरा बोलायचं होतं. मी म्हणाले, आधी मी.

वेटर एकच. पन्नाशीचा, टक्कल, हातावर पांढरा नॅपकिन. त्याने गरम टॉवेल दिले, खुर्च्या सरकवल्या, किटलीभर चहा आणला. चहा नव्वद अंशांच्या आसपास असावा. मी साठच्या वर पिऊ शकत नाही, म्हणून झाकण तिरकं करून ठेवलं.

मी 'दादा, मला दोन' इथवर पोहोचले आणि वेटर आला. किटली नेली, भरून आणली. पुन्हा नव्वद. पुन्हा झाकण उघडलं. 'दादा, मला' म्हणाले आणि वेटर आला. दादा म्हणाला, तुला दोन काय हवंय ते सांग ना त्यांना. मी दोन सूप सांगितली.

एकूण अकरा फेऱ्या. इतक्या तत्पर माणसासमोर घरगुती विषय काढणं अशक्य आहे. आजच्या बैठकीचा निष्कर्ष काढता येत नाही. घरी जाताना दादा म्हणाला, मलाही बोलायचं होतं ते राहिलंच. मी म्हणाले, तुझं काय, कधीही बोलू.

शुक्रवार, ६ मार्च

होकार आज पाठवायचा होता. पुढच्या शुक्रवारी. वेळ भरपूर आहे.

प्रेशर विभागातल्या सहकाऱ्याने विचारलं, कळवलंस का वरती? मी नाही म्हणाले तर दुसरं नाव त्याचं आहे. त्याचा अधीरपणा समजू शकते. त्याच्या प्रेशर गेजइतकाच तोही जरा पुढे पळतो.

गुरुवार, १२ मार्च

आज मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बसले. वेटरच्या दोन फेऱ्यांमधलं सरासरी अंतर तीन मिनिटं चाळीस सेकंद, कमी-जास्त पंचवीस. म्हणजे साडेचार सेकंदांचं वाक्य एका फटीत अठ्ठेचाळीस वेळा बसायला हवं. हिशेब निर्दोष आहे.

प्रत्यक्षात असं झालं, की प्रत्येक फटीची पहिली दोन मिनिटं सुरुवात करण्यात जातात, आणि उरलेल्या वेळेत तो आता येईलच या विचाराने बोलता येत नाही. चूक उपकरणाची आहे, मापणाऱ्याची नाही.

दादा म्हणाला, सारखं घड्याळ काय बघतेस, कुठे जायचंय का तुला? प्रश्न थेट होता. पण अवेळी आला, मी सूप गिळत होते. नाही म्हणाले.

नंतर त्याने काड्या खाली ठेवल्या आणि घसा साफ केला. म्हणाला, अगं, ऐक ना. तेवढ्यात वेटर किटली घेऊन आला. दादाने पुन्हा काड्या उचलल्या. त्याला बहुधा वहिनीविषयी तक्रार करायची असावी. त्याचे प्रश्न लहान असतात.

घरी आले तर आई जागी. काय गं, काही बोलला का दादा? म्हणाली. मी म्हणाले, तो काय बोलणार, जेवला. आईने उसासा टाकला. वयामुळे तिला दम लागतो हल्ली. तिला सांभाळणं सोपं नाही. तिने माझं अंथरूण घालून ठेवलं होतं.

सोमवार, १६ मार्च

ठराव : रेस्टॉरंट बदलायचं नाही. ती माघार ठरेल. मालकिणीला भेटून सेवेबद्दल शांतपणे, मुद्देसूद तक्रार करायची. सोबत मोजमापांचा तक्ता न्यायचा.

प्रेशरवाल्याने पुन्हा विचारलं. विचार चालू आहे म्हणाले. तो म्हणाला, तुझा विचार म्हणजे आपल्या भट्टीसारखा, तापायलाच दिवस जातो. हसले नाही.

गुरुवार, १९ मार्च

दहा मिनिटं आधी पोहोचले. मालकीण गल्ल्याशी भाज्यांची यादी करत बसली होती. तक्ता पुढे केला. तिने चष्मा लावून नीट वाचला. मग विचारलं, मॅडम, तुम्ही किटलीचं झाकण उघडं ठेवता का? मी म्हणाले, चहा निवायला. ती म्हणाली, आमच्याकडे झाकण तिरकं ठेवलं म्हणजे 'भरून द्या'. हाक मारायला नको, म्हणून ही खूण. माझ्या आजेसासऱ्यांपासून चालत आलीय. तो बिचारा तुम्ही बोलावता म्हणून येतो.

वेटर मागेच उभा होता. म्हणाला, मला वाटलं मॅडमना चहा फार आवडतो. घरी बायकोला सांगितलं, एक मॅडम एका जेवणात अकरा किटल्या रिचवतात. ती म्हणाली, काहीतरी दुखणं असेल, विचारून बघा.

दुखणं नाही म्हणून सांगितलं. तक्ता परत घेतला. हा दोष ग्राहकाला पूर्वसूचना न देण्याचा आहे. असो. कारण सापडलं, म्हणजे प्रश्न सुटला.

दादा आला. चहा आला. झाकण बंद ठेवलं. पाच मिनिटं कुणी आलं नाही. आठ मिनिटं. बारा. इतकी शांतता जेवताना बरी नव्हे. फिरत्या तबकडीवरचा मासासुद्धा माझ्याकडे बघतो आहे असं वाटलं. मी वाक्य मनात म्हणून पाहिलं. दहाही शब्द जागेवर होते.

तेवढ्यात दादाच म्हणाला, हे बघ, आईचं जरा बोलायचं होतं. त्याच्या आवाजावरून कळलं, त्याला सुगावा लागलेला आहे आणि तो नकार देणार. नकार आला की विषय कायमचा बंद. म्हणून झाकण उघडलं. आत वाफ साठली होती.

वेटर आला. त्याने झाकणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हळूच विचारलं, मॅडम, नक्की? मी म्हणाले, हो. त्याने किटली नेली. ती जवळजवळ भरलेलीच होती.

नंतर सात वेळा वाफ साठली.

शुक्रवार, २० मार्च

सर्दी. उत्तर पाठवण्याच्या मनःस्थितीत नाही. आईने काढा दिला, लॅबला फोन करून रजा कळवली, दुपारी डोक्याशी बसून राहिली. तिला सोबत लागते. हिला दादा कसा सांभाळणार, देव जाणे.

बुधवार, २५ मार्च

दादाचा फोन. म्हणाला, उद्या आईलाही घेऊन येतो. मी म्हणाले, मग बोलणार कसं? तो म्हणाला, ते तिलाच विचार, मला आता तो चहा बघवत नाही.

गुरुवार, २६ मार्च

आई निळी साडी नेसून आली. बसल्याबरोबर चहा निवावा म्हणून मी हात पुढे केला तर तिने झाकण घट्ट बसवलं आणि वर तळहात ठेवला. मग वेटरला म्हणाली, अहो, दहा मिनिटं इकडे फिरकू नका हं, घरचं बोलायचंय. तो म्हणाला, बरं ताई, आणि पलीकडची टेबलं पुसायला गेला.

ही पद्धत मला सुचली नव्हती असं नाही. उद्धट वाटली होती.

आई म्हणाली, मी मावशीकडे राहायला जातेय. मावशी म्हणजे आईची एक्स्चेंजमधली मैत्रीण. अठ्ठावीस वर्षं दोघी शेजारी शेजारी कानाला हेडफोन लावून बसल्या. तिचं तळमजल्यावर घर आहे, मागे मोकळी जागा आहे, आणि दोघींचं दोन वर्षांपूर्वीच ठरलं होतं. आई म्हणाली, तुला सांगायला जीभच रेटेना. म्हणून दादाला म्हटलं, तू सांग तिला. तर हा तीन गुरुवार नुसता चापून जेवून येतोय.

दादा म्हणाला, मी काय करू? मी तोंड उघडलं की ही चहा मागवते.

आई म्हणाली, तुझं एकटीचं कसं होईल या काळजीपायी मी अडकून होते.

मी म्हणाले, एक मिनिट. जबाबदारी माझ्यावर आहे. तुझी. चार वर्षं.

 दादाने एक अख्खा डंपलिंग तोंडात टाकला. मग आई म्हणाली, हो गं, तुझ्यावरच. एक्स्चेंजमध्ये अडून बसलेल्या गिऱ्हाइकाला ती 'लाइनवर थांबा' म्हणायची, तो हा आवाज.

मग मी बदलीचं सांगितलं. तयार वाक्य आता लागू होत नव्हतं, त्यातला उत्तरार्ध गाळला. आई म्हणाली, अगं मग जा की! दादा म्हणाला, एवढंच होतं? यासाठी मी चार आठवडे नूडल्स खातोय? आईने माझ्या गालाला हात लावला. तिचे डोळे भरले होते. चार माणसं हाताखाली, असं तिने दोनदा म्हटलं.

सगळं मिळून सात मिनिटं लागली. उरलेली तीन मिनिटं आम्ही बसून राहिलो. दहा मिनिटं होताच वेटर आला. आईने त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, तिथे चहा चांगला मिळो मॅडमना.

अडथळा एकही उरलेला नाही. तरीही कशामुळे कोण जाणे, भूक गेली.

शुक्रवार, २७ मार्च

होकाराचं पत्र लिहिलं. चार ओळी. पाठवलं नाही. शुक्रवारी दुपारनंतर आलेलं पत्र कुणी लक्षपूर्वक वाचत नाही.

रविवार, २९ मार्च

मावशी टॅक्सी घेऊन आली. आईच्या दोन बॅगा. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर तिने चिठ्ठी लावली आहे : काय आहे, किती आहे, कधी संपेल. नोंदी अचूक आहेत. वॉशिंग मशीनचं कोणतं बटण आधी दाबायचं, तेही लिहून ठेवलं आहे.

तिला म्हणाले, तुला एकटं वाटेल, रोज फोन कर. ती हो म्हणाली. टॅक्सी वळेपर्यंत मी फाटकाशी उभी होते. मागच्या काचेतून दोघींची डोकी दिसत होती. कशावर तरी हसत होत्या.

सोमवार, ३० मार्च

शांतपणे विचार केला. नव्या शहरात पाणी जड आहे म्हणे. चार माणसं कशी असतील सांगता येत नाही. तिथे चूक झाली तर वर पाहायला साहेब नाहीत, मीच. नवी भट्टी स्थिर व्हायला सहा महिने जातात. घाईने पाऊल टाकणारी मी नाही.

साहेबांनी विचारलं, उद्या शेवटचा दिवस आहे, लक्षात आहे ना? म्हणाले, तारीख माझ्या लक्षात नाही असं कधी झालंय का?

डब्यावरच्या चिठ्ठीप्रमाणे तांदूळ लावले. कच्चे राहिले. चिठ्ठीत पाण्याचं प्रमाण नव्हतं. आईला विचारता आलं असतं, पण तिला काळजीत टाकायचं नव्हतं.

मंगळवार, ३१ मार्च

दुपारी ४.५२. उत्तर पाठवलं. 'आईच्या जबाबदारीमुळे सध्या शहर सोडणं शक्य नाही. क्षमस्व.' वाक्य मोजकं झालं आहे.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, हल्ली असा विचार कोण करतं? आईंना जपा. प्रेशरवाला भेटून थँक्यू म्हणाला. त्याला तापमानातलं काही कळत नाही. तो सोमवारी निघतो.

संध्याकाळी ७.३०. आईचा फोन. मागे मावशीचा आवाज आणि भांड्यांचा. काय गं, पाठवलंस का? म्हणाली. मी म्हणाले, पाठवलं, वरून अजून काही आलं नाही. ती म्हणाली, येईल गं, तुझ्यासारखी माणसं त्यांना कुठे मिळतात. जेवलीस का? हो म्हणाले.

एकंदरीत निर्णय योग्यच झाला. घरी कुणीतरी असायला हवं.