ऑपरेशनच्या आधीचा बिब्बा

आई, तुझ्या धाकट्या बहिणीला उद्या सकाळच्या गाडीने गावी पाठवायचं ठरलंय. ठरवलं तुझ्या जावयाने, मान हलवली तुझ्या नातीने, आणि मी पाय उशीवर ठेवून गप्प बसले. ज्या ऑपरेशनसाठी मावशीला मुद्दाम बोलावून घेतलं, ते तिच्यामुळेच पुढे ढकलावं लागलं, असं घरात सगळ्यांचं म्हणणं आहे. तुला हे कुणीतरी सांगायलाच हवं, आणि मला सध्या दुसरं काम नाही.

पाय तुझाच आहे. अंगठ्याच्या बुडाशी तुझं जसं हाड बाहेर आलं होतं तसंच माझं आलंय, आणि अंगठा शेजारच्या बोटावर चढून बसलाय. तू त्यावर काय इलाज केला होतास, आठवतं? चपलेचा पट्टा ब्लेडने कापून हाडाला खिडकी करून दिलीस. लालबागच्या आपल्या खोलीत तुझी खानावळ. गिरणीतली माणसं पंगतीला बसलेली, तू स्टोव्हपाशी उभी, या पायावरचा भार त्या पायावर टाकतेयस, आणि मी दप्तर खाली ठेवून म्हणते, आई, बस ना जरा. तू वळूनही बघत नाहीस. ‘पाय दुखतत म्हणान कोण बसान रवता काय? ताटां घे.’ नोकरी लागल्यावर मी तुला मऊ तळव्याच्या चपला आणल्या, तर त्या ‘बाहेर जाताना’ म्हणून तू कपाटावर ठेवून दिल्यास. तू गेल्यावर पिशवी उघडली तेव्हा रबर विरघळून प्लॅस्टिकला चिकटलं होतं. मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. अजून येतो.

म्हणून मी ठरवलं होतं, तुझ्यासारखं करायचं नाही. रीतसर ऑपरेशन करून घ्यायचं, दीड महिना पाय टेकायचा नाही, आणि काय हवं नको ते घरच्यांनी बघायचं. डॉक्टर म्हणाले, आधी घर तयार करा. अगं, घर तयार होतं, माणसं तयार होत नाहीत! पहिली अडचण तारखेचीच. गणपतीला गावी जायचं, मग नवरात्र, मग दिवाळीचा फराळ. बाईच्या पायाला सवड मिळेल असा महिना आपल्या कॅलेंडरात छापतच नाहीत. शेवटी दिवाळीनंतरची तारीख घेतली. तुझ्या जावयाने सगळी पायपुसणी उचलली. बाथरूमसाठी प्लॅस्टिकची खुर्ची आणली, ती दारातून आत जाईना, मग बदलून लहान आणली. कमोडशेजारी धरायला दांडा बसवला, तो अशा उंचीवर की त्यावर आता टॉवेल वाळतात. एका रविवारी मी म्हटलं, रंगीत तालीम होऊन जाऊ दे. मी हॉलमध्ये पाय वर करून बसते, जेवण तुम्ही दोघं करा. बसतेय कुठली! ‘आई, मीठ कुठे ठेवतेस?’ ‘अगं, कुकरच्या शिट्ट्या किती?’ ‘हे बांगडे आधी धुवायचे की आधी कापायचे?’ शेवटी फोडणी जळल्याचा वास आला आणि मी उठले. त्यात शेजारणी. ‘आता अजिबात उभं राहायचं नाही हं,’ असं बजावायला यायच्या, आणि त्यांच्या चहासाठी गॅसपाशी मी उभी.

मग मावशीला बोलावलं. ती आली ती पोतंभर नारळ घेऊन. बोरिवलीत नारळ मिळत नाहीत, असा तिचा समज तूच करून दिला असणार. पण आल्या आल्या तिने घर मार्गी लावलं. नातीला कुकर शिकवला, जावयाला बांगडे साफ करायला खाली बसवलं, आणि तो चक्क बसला! मला वाटलं, जमलं बाई आता. ऑपरेशन तोंडावर आलं आणि एका दुपारी पायाला ठणका लागला. घरात आम्ही दोघीच. मावशीने पाय बघितला आणि तिच्या पिशवीतून बिब्बा काढला. तुम्हा बहिणींचं ते रामबाण औषध. दुखलं की बिब्बा, टाचेला भेग पडली की बिब्बा. सुई टोचून दिव्याच्या ज्योतीवर धरायचा, तेल सुटलं की दुखऱ्या जागी टेकवायचा. ‘बिबो लावलो काय सकाळपर्यंत सूज उतारतली,’ ती म्हणाली. सूज तर उतरली नाहीच, वर बिब्बा उतला. सकाळी हाडाभोवती पाण्याचे टपोरे फोड. तुमची कातडी अनवाणी वाढलेली, आमची मोज्यातली.

डॉक्टरांनी पाय उजेडात धरून बघितला. मग म्हणाले, ‘अशा कातडीवर मी चिरा देणार नाही. फोड बरे होऊ देत, मग बघू.’ लेकीने वर्षभर साठवलेली सुट्टी वाया गेली. तुझा जावई घरी येऊन फुटला. ‘मावशी, एकदा विचारायचं तरी ना! सगळी वाट लागली.’ लेक म्हणाली, ‘आजी, असं कोण करतं यार?’ मावशी ओट्याला टेकून पदराला हात पुसत होती. हात कोरडेच होते, तरी पुसत होती. ‘ती निजली होती,’ ती म्हणाली. ‘तिका काय्येक म्हायत नाय. चूक माझीच.’

आई, मी निजले नव्हते. चांगली टक्क जागी होते. पायाला काही लावू नका, म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं आठवत होतं, अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात तिने माझी टाच उचलून मांडीवर घेतली. माझा पाय असा कुणी मांडीवर घेतलाच नव्हता गं, तू धरून. गिरणीतल्या माणसांना वाढता वाढता तुझा दिवस संपायचा, तुझा तरी काय दोष. पण ती आपली तळव्यावरून हात फिरवत राहिली आणि माझे डोळेच भरून आले. वर मीच सांगितलं, ‘जरा वर लाव, हाडावर.’

हे तिला ठाऊक आहे आणि मला. तिने खोटं बोलून मला वाचवलं, आणि मी वाचवून घेतलं. एवढी शिकलेली बाई बिब्बा लावून घेईलच कशी, म्हणून मला कुणी विचारलंदेखील नाही. आतल्या खोलीत ती लुगडी पिशवीत भरतेय. चेन अडकलीय वाटतं, मघापासून खटपट चाललीय. तुझ्या जावयाला हाक मारून सांगायचं ते इतकंच, की मावशीचं तिकीट रद्द कर, मी जागी होते. हे पत्र तुला पोचणार नाही, म्हणून भराभर लिहून झालं. तो मात्र समोरच बसलाय, आणि माझी जीभ रेटत नाही.