चक्कीवर चार ओळी

मी, रशिदाबी जलालुद्दीन शेख, वय वर्षे चौसष्ट, धंदा पिठाची चक्की, राहणार आरमोरी, जिल्हा गडचिरोली, आज आपली इच्छा कागदावर उतरवून ठेवते. डॉक्टरांच्या मते माझे हृदय थकले आहे. डोके थकलेले नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तो टाकणे आजवर कोणाला जमलेले नाही. हात थरथरतो म्हणून मी सांगते आहे आणि हेमराज बोरकुटे गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, लिहीत आहेत. त्यांच्याइतके वळणदार अक्षर गावात कोणाचे नाही. त्यांना बोलावण्याचे दुसरेही कारण आहे, ते कलम सहामध्ये येईल. गुरुजी, मान वर करू नका, लिहा.

१. राहते घर आणि बँकेत जे असेल ते माझा मुलगा दानिश व मुलगी अमरीन यांनी शरियतीप्रमाणे वाटून घ्यावे. त्यात मी लुडबुड करत नाही.

२. चक्की मात्र पुनम भोयर हिला द्यावी. शरियतीप्रमाणेच तिसऱ्या हिश्श्यापर्यंत बाहेरच्या माणसाला देता येते आणि चक्की त्यात बसते, हे वकीलसाहेबांना विचारून घेतले आहे. पुनम नऊ वर्षांपासून माझ्या बरोबरीने दळते. पट्टा तुटला तर ती शिवते, मी फक्त ओरडते. दानिश बल्लारपूरला नोकरीत आहे. गेल्या ईदला तो म्हणाला, "अम्मी, चक्की विकून तिथं मोबाइलचं दुकान टाकू." मी विचारले, "त्यात गहू दळता येतो का?"

३. चक्कीसोबत चक्कीचा नियमही द्यायचा आहे, म्हणून तो कसा झाला ते नमूद करते. माझे यजमान गेल्यावर दुसऱ्या वर्षी, १९९३ च्या उन्हाळ्यात, लाइन गेली आणि तास झाला तरी आली नाही. सोमारी आणि मंगली या दोघी नंबरावरून भांडू लागल्या. एकीने दुसरीचा डबा ढकलला, तांदूळ सांडला. मी वैतागून म्हटले, "जिले चार ओळी म्हणता येतात, तिचा नंबर पहिला." मला वाटले, गप्प बसतील. मंगलीने उभ्या उभ्या जात्यावरचे गाणे म्हटले. सोमारी हरणारी नव्हती, तिने सासूवर एक रचले. लाइन आली तेव्हा कोणी डबा पुढे करेना.

तेव्हापासून चार ओळी म्हणेल त्याचे दळण आधी. पोस्टमन श्रावण मडावी यांनी तर घरी कणीक भरलेली असताना केवळ नवी कविता ऐकवण्यासाठी पाव किलो ज्वारी आणलेली मी पाहिली आहे.

४. पुनमने पुढील गोष्टी पाळाव्यात. भिंतीवरच्या फळ्यावर रोज कोणाच्या तरी दोन ओळी खडूने लिहाव्यात, खाली नाव लिहावे. आवडलेली ओळ चिठ्ठीवर उतरवून पिठाच्या डब्याच्या झाकणात ठेवावी, म्हणजे ती घरी जाऊन स्वयंपाकघरात निघते. हळदीचे दळण आले तर नवरीच्या नावाने एक कडवे दळणाऱ्याने स्वतः म्हणावे. पोरांनी शाळेतली कविता म्हटली तर चालेल, पण अर्थ सांगू नये. पुढाऱ्यांच्या चारोळ्यांना नंबर नाही. एक पायली दळून होईपर्यंत जी कविता संपत नाही, ती चक्की बंद करून थांबवावी.

५. माझे यजमान जलालुद्दीन यांनी बावीस वर्षांच्या संसारात मला एकच शेर ऐकवला, तोही अर्धा. उरलेला अर्धा आठवून सांगतो म्हणाले आणि बाजाराला गेले. त्याबद्दल त्यांना माफी. त्यांचा रेडिओ अमरीनला द्यावा.

६. आता गुणाबाई. ही पुनमची सासू, मागच्या टोलीत, म्हणजे वस्तीत, राहते, लोकांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणा करते. तिला अक्षर येत नाही. १९९६ साली तिने चक्कीवर रोवण्याचे एक गाणे म्हटले. बाई चिखलात वाकून धान रोवते आणि शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे कोरड्या बांधावर, उभा बगळा म्हणतो, हे शेत माझे, असे ते गाणे. मी चक्की बंद केली आणि तिला पुन्हा म्हणायला लावले. गाणे कागदावर उतरवून ते शुद्ध करून द्या म्हणून मी एका माणसाकडे दिले. ही माझी चूक.

पुढच्या वर्षी त्या माणसाचा कवितासंग्रह निघाला. त्यात ते गाणे होते, त्याच्या नावाने. "माह्या"चे "माझ्या" केले होते, बाकी काना-मात्रा तीच. तालुक्याच्या कार्यक्रमात त्याने ते गाऊन टाळ्या घेतल्या. चोरायला बगळ्याचेच गाणे सापडावे, याचे मला अजून हसू येते.

त्या आठवड्यात गुणाबाई डबा घेऊन आली आणि सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. मी म्हटले, "काऊन वो, गाणं नाई का आज?"

ती म्हणाली, "आता कोनाचं म्हनून म्हनू, बाई?"

सात वर्षे ती चक्कीवर गायली नाही. कागद मी दिला होता, त्यामुळे तिच्या डब्याकडे पाहताना माझीच मान खाली जात होती.

तो माणूस म्हणजे हेमराज बोरकुटे गुरुजी.

(इथे गुरुजींनी पेन खाली ठेवले. म्हणाले, "रशिदाबी, हे कलम गाळू." मी म्हटले, "नाई. तुमच्याच अक्षरात पाहिजे." पुनमने त्यांना चहा दिला. तो पिऊन झाला तरी ते कपाकडे पाहत बसले. मग पेन उचलले. हेही मी त्यांना लिहायला लावले आहे.)

७. कबुली. १९९७ च्या दिवाळीपासून वर्षभर मी गुरुजींचा गहू मिरचीच्या दळणानंतर लगेच दळला, मध्ये चक्की न झाडता. त्यांच्या पत्नी आशाबाई येऊन म्हणाल्या, "पोळी तिखट लागून राह्यली वो." मी म्हटले, "गुरुजी कवी आहेत, जीभ नाजूक झाली असेल." आशाबाईंचा यात काही दोष नव्हता आणि पोळ्या त्यांनीही खाल्ल्या. माझे पितळी पानदान त्यांना द्यावे.

८. मी गेल्यावर चक्की एकच दिवस बंद ठेवावी. श्रद्धांजलीपर कविता कोणी करू नये. केलीच तर नंबर लावून म्हणावी.

९. साक्षीसाठी गुणाबाईला बोलावले होते. वरचे सर्व तिला वाचून दाखवले. कलम सहाही गुरुजींनीच वाचले. मग ते तिला म्हणाले, "गुणाबाई, तेव्हा मले वाटलं, तुमाले काय समजन."

ती म्हणाली, "समजलं होतं, गुरुजी. म्हनून त मी गप झाली."

मग गुरुजींनी विचारले, "आता मी काय करू?"

"लिवा. मी सांगते. पन 'माझ्या' नोका लिवू."

गुणाबाई बसल्या जागी गायली आणि गुरुजींनी लिहिले:

धुऱ्यावरचा बगळा सांगे, रोवणा माह्या नावाचा,
पाय त्याचे कोरडे बाई, चिखल माह्या पायाचा.
उतर बगळ्या चिखलामंधी, रोव दोन पेंढ्या जरा,
मंग सांगजो गावाले का धनी कोन खरा.

रचना : गुणाबाई वारलू भोयर.

हे गाणे या मृत्युपत्राचा भाग समजावे. ज्याला नक्कल हवी, त्याला पुनमने द्यावी, नावासकट.

हे सर्व मी सांगितले, ऐकले आणि मान्य केले.

रशिदाबी जलालुद्दीन शेख (सही)

साक्षीदार :
१. श्रावण मडावी, पोस्टमन (सही)
२. गुणाबाई वारलू भोयर (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण : आरमोरी
दिनांक : १७ मार्च २००४

लेखनिक : हेमराज बोरकुटे (सही)
कलम सहा खरे आहे. हे वाक्य मला कोणी सांगितलेले नाही.